चाकू आठवतो, चेहरा नाही

रात्री अकराच्या सुमारास माझ्या एका मित्राला गल्लीच्या तोंडाशी दोघांनी अडवलं. पाकीट आणि फोन देऊन तो सुटला. चौकीत हवालदारांनी विचारलं, "चेहरा कसा होता?" काही केल्या आठवेना. चाकू मात्र लख्ख आठवत होता: लाकडी मूठ, तिच्यावर गुंडाळलेली काळी चिकटपट्टी, टोकाला जरासं वाकलेलं पातं.

यात त्याचा वेंधळेपणा नव्हता. १९८७ साली मानसशास्त्रज्ञ एलिझाबेथ लॉफ्टस आणि सहकाऱ्यांनी काही लोकांना स्लाइड दाखवल्या. गल्ल्यासमोर उभा असलेला माणूस काहींच्या स्लाइडमध्ये चेक पुढे करत होता, तर काहींच्या स्लाइडमध्ये पिस्तूल रोखत होता. नजर कुठे जाते हे यंत्राने टिपलं. पिस्तुलाकडे ती जास्त वेळा गेली आणि तिथेच जास्त वेळ खिळली. मेंदूचं गणित साधं आहे: जीव घेऊ शकेल ती वस्तू आधी, बाकीचं नंतर.

त्याच क्षणी रक्तात अॅड्रेनालिन उसळतं. छाती धडधडते, तोंडाला कोरड पडते आणि बोटं थरथरतात. त्यामुळे अंगठी काढणं किंवा फोनमधलं सिम मागून घेणं असली नाजूक कामं त्या वेळी जमत नाहीत; तो नादच सोडावा. समोरच्याचं शरीरही याच अवस्थेत असतं, हे आपण विसरतो. तोही घाबरलेला असतो, कधी नशेत असतो. तुमचा हात झटकन खिशाकडे गेला की त्याला शस्त्राचा संशय येतो. म्हणून हात दिसतील असे ठेवायचे आणि आधी बोलायचं, "पाकीट मागच्या खिशात आहे, काढतो." मग सावकाश काढायचं.

'दोन ठेवून द्यायच्या होत्यास' म्हणणारे नंतर बरेच भेटतात. अमेरिकेतले पोलीस प्रशिक्षक डेनिस ट्युलर यांनी १९८३ च्या सुमारास मोजून दाखवलं होतं, की धावत येणारा माणूस २१ फूट अंतर साधारण दीड सेकंदात कापतो. चाकू हातभर अंतरावर असेल तर किती वेळ उरतो, ते तुम्हीच बघा. अंतर असेल आणि उजेडातली, माणसांची जागा जवळ असेल, तर ओरडत पळणं शहाणपणाचं.

सोनसाखळीचं प्रकरण वेगळं. तिथे विचार करायला सवडच नसते. मानेला हिसका बसला की हात आपसूक साखळी घट्ट धरतो. मंगळसूत्र असेल तर मुठीत नुसतं सोनं नसतं, हे मला कळतं. पण पलीकडे वेगातली मोटरसायकल असते, आणि धरून ठेवणारी बाई फरफटत जाऊ शकते.

एक काम मात्र आजच उरकता येईल. फोनवर *#०६# दाबलं की त्याचा पंधरा आकडी आयएमईआय क्रमांक, म्हणजे त्या फोनचा ओळख क्रमांक, दिसतो. तो घरातल्या वहीत लिहून ठेवा. सरकारच्या सीईआयआर पोर्टलवर चोरीचा फोन बंद करायला तोच लागतो. चोरी झाल्यावर कुणाचा तरी फोन मागून ११२ लावायचा, बँकेला कळवायचं आणि जे आठवतंय ते लगेच कागदावर उतरवायचं, गर्दीशी बोलण्याआधी.

गर्दीशी बोलण्याआधी अशासाठी, की दुसऱ्यांनी सुचवलेले तपशील आपल्या आठवणीत बेमालूम मिसळतात. माझ्या मित्राने पानवाल्याला, मग रिक्षावाल्याला, मग घरी फोन करून हकीकत सांगितली. चौकीत पोहोचेपर्यंत चोर सहाफुटी झाला होता.