‘खेळणे’ असे लिहिल्याने एअरसॉफ्ट बंदूक सुटत नाही

एअरसॉफ्ट बंदूक, म्हणजे हवेच्या दाबाने प्लास्टिकच्या छोट्या गोळ्या मारणारी बंदूक, परदेशातून मागवताना पार्सलवर ‘खेळणे’ असे लिहिले किंवा ती सुटी करून मागवली की कस्टम्स ती अडवत नाही, हा समज ठाणे-वाशीच्या हौशी मंडळींत वर्षानुवर्षे पसरला आहे आणि तो चुकीचा आहे. शस्त्र अधिनियम, 1959 खेळण्यांना वगळतो खरा. परंतु जे खेळण्याखेरीज अन्य कामी येत नाही आणि ज्याचे चालू शस्त्रात रूपांतर होऊ शकत नाही, तेवढ्यालाच, आणि ‘शस्त्र’ या व्याख्येत सुटे भागही येतात. 4.5 मिलिमीटरपर्यंतच्या नळीच्या व गोळीची ऊर्जा 20 ज्यूलपर्यंत असलेल्या एअरगनला परवाना लागत नाही, हा दाखलाही मला अपुरा वाटतो, कारण एअरसॉफ्टची गोळी बहुधा 6 मिलिमीटरची असते. शस्त्र परदेशातून आणण्यासाठी कलम 10 स्वतंत्र परवाना मागते.