दवाखान्यातली निळी ट्यूब आणि भुसावळचं ऊन

'निळ्या लाइटखाली थांबू नको, कॅन्सर होतो,' अशी ताकीद जळगाव-धुळ्याकडच्या दवाखान्यांत नव्या सिस्टरला जुन्या सिस्टरकडून मिळते. पण निळे दिवे दोन, आणि त्यांचा इतिहासही वेगळा.

काविळीच्या बाळावरचा दिवा अतिनील नव्हेच, तो साधा निळा प्रकाश. १९५६ च्या सुमारास इंग्लंडमधल्या रॉचफर्डच्या रुग्णालयात एका सिस्टरने उन्हात नेलेल्या बाळाची कातडी पाहिली. चादरीखाली राहिलेला पट्टाच तेवढा पिवळा होता. त्यातून १९५८ मध्ये हे दिवे आले.

ऑपरेशन थिएटरमधली ट्यूब मात्र खरी अतिनील. सूर्यप्रकाशात जिवाणू वाढत नाहीत, हे डाउन्स आणि ब्लंट यांनी १८७७ मध्ये दाखवलं. १९०३ मध्ये नील्स फिन्सेनला त्वचेच्या क्षयावरील प्रकाशोपचारासाठी नोबेल मिळालं. १९३६ पासून अमेरिकेत ड्यूक विद्यापीठात डेरिल हार्ट चालू शस्त्रक्रियेतच हे किरण सोडत; टेबलाभोवतीच्या सगळ्यांना डोळे आणि कातडी झाकून उभं राहावं लागे. आपल्याकडे थिएटर रिकामं असताना ट्यूब लावतात, ते बरंच आहे.

या ट्यूबचे २५४ नॅनोमीटरचे किरण बहुतांशी कातडीच्या वरच्या मृत थरातच अडतात. म्हणून खरा फटका डोळ्यांना. त्या वेळी काहीच कळत नाही; काही तासांनी, बहुधा रात्री घरी, वेल्डरसारखे डोळे चुरचुरतात, वाळू गेल्यागत पाणी येतं. कारण एकच, कुणीतरी बटण बंद न करता आत गेलेलं असतं. ट्यूब जुनी झाली की जंतू मारण्याची ताकद उतरते, निळसर उजेड मात्र तसाच राहतो, हेही फार जणांना माहीत नसतं.

कॅन्सरचा प्रश्न यूव्हीबीकडे, म्हणजे उन्हातही असणाऱ्या एका प्रकारच्या अतिनील किरणांकडे, जास्त नेतो. हे किरण कातडीच्या जिवंत पेशींपर्यंत पोचतात. कोडावर बावची ही वनस्पती देऊन उन्हात बसवण्याची आपली जुनी रीत; बावचीतल्याच सोरालेन या द्रव्यावर १९७४ पासून 'पुवा' उपचार, म्हणजे सोरालेन देऊन वर यूव्हीए हे दुसऱ्या प्रकारचे अतिनील किरण, उभा राहिला. वर्षानुवर्षं पुवा घेतलेल्या रुग्णांत एका प्रकारचा त्वचेचा कॅन्सर वाढलेला आढळला. पुढे ३११ नॅनोमीटरच्या यूव्हीबी ट्यूब आल्या. या ट्यूब बसवलेल्या उपचाराच्या चेंबरचं दार उघडं ठेवून रोज शेजारी उभ्या राहणाऱ्या कर्मचाऱ्याने चष्मा आणि पूर्ण बाह्या सोडू नयेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९२ मध्ये सूर्यकिरणांना आणि २००९ मध्ये सगळ्याच अतिनील किरणांना कॅन्सरकारक ठरवलं.

आपल्या गव्हाळ-सावळ्या कातडीत मेलॅनिन भरपूर, त्यामुळे त्वचेचा कॅन्सर आपल्याकडे कमीच. तरी डोस मोजायचाच तर माझ्या मते थिएटरच्या आधी आशाताईंचा मोजावा. मेअखेर भुसावळला दुपारी सूर्य अगदी डोक्यावर येतो. पाड्यापाड्यांवर फिरणाऱ्या बाईच्या अंगावर त्या एका महिन्यात पडणारं अतिनील नियमाने बंद होणाऱ्या ट्यूबच्या कितीतरी पुढे जातं. रुमाल आणि पूर्ण बाह्या तिलाही लागू आहेत, पण तिच्यासाठी भिंतीवर सूचना लावलेली दिसत नाही.