उशिरा गवसलेला आनंद : केडगावच्या बायबल-अभ्यासाची पार्श्वभूमी

मराठी ख्रिस्ती घरांत रोज ‘वचन वाचण्या’ची रीत आहे आणि त्या वाचनातून आनंद व मार्गदर्शन मिळते, असे सहज बोलले जाते. पंडिता रमाबाईंना (१८५८–१९२२) मात्र हा आनंद बाप्तिस्म्याबरोबर मिळाला नाही, आणि पुण्याजवळ केडगावला त्यांनी उभारलेल्या मुक्ती मिशनमध्ये शास्त्रवाचनाला (म्हणजे बायबलच्या वाचनाला) जे रूप आले त्याचे मूळ बऱ्याच अंशी या उशिरात आहे.

बायबलशी त्यांची ओळख मराठीतून झालीच नाही. विवाहानंतर सिल्चरला असताना पतीच्या पुस्तकांत त्यांना लूककृत शुभवर्तमानाची बंगाली पुस्तिका सापडली. पुढे वैधव्य आले, इंग्लंडचा प्रवास घडला आणि १८८३ मध्ये वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तरीही आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला, ख्रिस्त सापडला नाही, हे त्यानंतर आठ वर्षांनी उमगल्याचे त्यांनी १९०७ च्या आत्मनिवेदनात स्पष्ट लिहिले आहे. धर्मतत्त्वे बुद्धीला पटली होती, पंथांचे परस्परविरोधी दावेही ऐकून झाले होते; पण क्षमेचे वचन खुद्द आपल्याला उद्देशून आहे, हा भरवसा शास्त्राकडे नव्याने वळल्यावरच आला आणि त्यामागून आनंद आला. (कवी ना. वा. टिळकांची वाट वेगळी : आगगाडीतील सहप्रवाशाने दिलेला नवा करार वाचताना येशूच्या डोंगरावरील प्रवचनाने त्यांना धरून ठेवले आणि १८९५ मध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला.)

दुष्काळातून सोडवून आणलेल्या मुली केडगावी आल्या तेव्हा प्रश्न निराळाच उभा राहिला. त्यांना आधी अक्षरओळख हवी होती. मराठी नवा करार बंगालमधील सेरामपूरहून १८११ मध्येच निघाला होता आणि नंतर मुंबईच्या मिशनऱ्यांनी भाषांतरे सुधारलीही होती. परंतु रमाबाईंच्या मते प्रचलित भाषांतराची मराठी संस्कृतप्रचुर असल्याने नुकतीच वाचू लागलेली बाई तिथे अडखळे, शिवाय अनेक धर्मवाचक शब्द आपले जुने अर्थ बरोबर घेऊन येत. कोलकात्याच्या विद्वानांनी जिला ‘सरस्वती’ ही पदवी दिली, तिनेच संस्कृताचा भार उतरवायला निघावे, ही गोष्ट मला तिच्या धर्मांतराइतकीच धाडसाची वाटते.

१९०५ मध्ये मुक्तीत प्रार्थनेची मोठी जागृती झाली. मुलींचे अश्रू, पश्चात्ताप आणि हर्ष यांची वर्णने दूरवर पोहोचली, आणि पुष्कळांना केडगाव तेवढ्यापुरतेच ठाऊक असते. वस्तुतः त्या उत्साहाच्या मागेपुढे शास्त्राचे रोजचे पाठ आणि अनुवादाचे संथ काम चालूच होते. हिब्रू व ग्रीक शिकून रमाबाईंनी संपूर्ण बायबल सोप्या मराठीत आणण्याचे काम हाती घेतले; खिळे जुळवण्यापासून छपाईपर्यंतची मेहनत मुक्तीच्या छापखान्यात तिथल्याच स्त्रियांनी केली. एप्रिल १९२२ मध्ये रमाबाई वारल्या आणि ग्रंथ १९२४ मध्ये बाहेर पडला. मुळाशी शब्दशः एकनिष्ठ राहण्याच्या आग्रहापायी त्याची मराठी जागोजागी अवघडते, हेही नोंदवले पाहिजे.