मुंबई–न्यूयॉर्क : किलोमीटर किती, तास किती?

(मुलांकडे अमेरिकेला निघालेल्या आमच्या ग्राहकांसाठी)

तिकीट काढायला येणारे बरेच जण आधी अंतर विचारतात. मुंबईपासून न्यूयॉर्कच्या जेएफके विमानतळापर्यंतचं सर्वांत कमी हवाई अंतर सुमारे 12,530 किलोमीटर आहे. मोबाइलवर कुठे 7,790 दिसेल, कुठे 6,770. पहिला आकडा साध्या मैलांचा, दुसरा सागरी मैलांचा, अंतर तेच.

भिंतीवरच्या नकाशावर पट्टी ठेवली तर वाट अरबस्तान, इजिप्त, मोरोक्कोवरून जाते. तसं खरंच गेलं तर जवळपास 14,200 किलोमीटर भरतील! घरात नातवंडांचा पृथ्वीगोल असेल तर दोन्ही शहरांमध्ये दोरा घट्ट ताणून बघा. दोरा आपोआप वर सरकतो आणि पाकिस्तान, अफगाणिस्तान, रशिया ओलांडून फिनलंड, स्वीडन, आइसलँडवरून जातो. त्यामुळे सीटसमोरच्या स्क्रीनवर विमान उत्तरेकडे चाललेलं दिसलं तर पायलट रस्ता चुकलेला नाही.

अर्थात विमान दोऱ्यावरूनच जाईल असं नाही. रशियाने 2022 मध्ये अमेरिकी आणि युरोपीय कंपन्यांना आपलं आकाश बंद केलं, पाकिस्तानने एप्रिल 2025 मध्ये भारतीय कंपन्यांना. असा वळसा पडला की तास वाढतात.

वाऱ्याचा हिशेब वेगळाच. उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार वारे वाहतात, म्हणून येताना बहुधा कमी वेळ लागतो. ऑक्टोबर 2016 मध्ये एअर इंडियाने दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को विमान पश्चिमेकडे अटलांटिकवरून नेण्याऐवजी पूर्वेकडे पॅसिफिकवरून नेलं. अंतर 13,900 ऐवजी 15,300 किलोमीटर झालं, तरी वारा पाठीशी असल्याने विमान नेहमीपेक्षा लवकर पोचलं.

‘थांबा घेतला तर किती लांब पडेल?’ लंडनमार्गे एकूण अंतर साधारण 12,740 किलोमीटर, दुबईमार्गे 12,950. म्हणजे फरक दोन-चारशे किलोमीटरचा, विमानाला अर्धा तासही नाही. खरा वेळ जातो मधल्या विमानतळावर. दोन तासांचं कनेक्शन कागदावर छान दिसतं, पण व्हीलचेअरची वाट बघणाऱ्या आजींसाठी आम्ही ते सुचवत नाही. तीन-चार तास हाताशी असू द्या. सिंगापूरमार्गे मात्र स्वस्त मिळालं तरी जपून: तिथून न्यूयॉर्कच 15,350 किलोमीटर आहे, शिवाय आधी उलट दिशेला जायचं.

तिकिटावरच्या वेळा त्या-त्या गावच्या असतात. रात्री 1.30 ला निघून त्याच दिवशी सकाळी 7.30 ला न्यूयॉर्क, हे वाचून सहा तासांचा प्रवास समजू नका. हिवाळ्यात न्यूयॉर्क आपल्या साडेदहा तास मागे असतं, म्हणजे प्रवास साडेसोळा तासांचा. उन्हाळ्यात हाच फरक साडेनऊ तासांचा होतो.

भाडं किलोमीटरवर ठरत नाही. तारीख, सुट्ट्या आणि शिल्लक सीटवर ठरतं. तेव्हा आमच्याकडे येताना पासपोर्टसोबत एवढं ठरवून या: मध्ये थांबायला चालेल का, आणि चालणार असेल तर किती तास.