बील (ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यातील पाणथळ)

आसाममध्ये ब्रह्मपुत्रा व बराक या नद्यांच्या पूरमैदानात आढळणाऱ्या उथळ, गोड्या पाण्याच्या जलाशयांना बील म्हणतात. नदीने पात्र बदलल्यावर मागे उरलेली नालाकृती (घोड्याच्या नालेच्या आकाराची) सरोवरे आणि मैदानातील नैसर्गिक खोलगट भाग अशा दोन्ही प्रकारे ते निर्माण झाले असून, त्यांचे एकूण क्षेत्र सुमारे १ लाख हेक्टर भरते. गुवाहाटीजवळच्या दीपोर बीलाला २००२ मध्ये रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला.

बीलाचे सारे जीवन नदीच्या पुरावर चालते. पावसाळ्यात नदी चढली की तिला जोडणाऱ्या नाल्यातून गाळ व पोषकद्रव्ये घेऊन पाणी आत शिरते, आणि त्याबरोबर नदीच्या प्रवाहात अंडी घालणाऱ्या रोहू, कटला व मृगळ यांची पिल्लेही येतात. पाणपसारा वाढल्याने बुडालेल्या गवतात त्यांना अन्न आणि आसरा मिळतो. हिवाळ्यात पाणी ओसरते, मासे खोल भागात गोळा होतात आणि मुख्य मासेमारी सुरू होते.

येथील पोषकद्रव्यांचा मोठा वाटा पाणवनस्पती शोषून घेतात, त्यामुळे प्लवकांवर (पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म जीवांवर) जगणाऱ्या माशांच्या वाट्याला कमी येते. जलपर्णीचा थर दाट झाला की खाली सूर्यप्रकाश पोहोचत नाही, वनस्पती कुजू लागतात आणि पाण्यातील प्राणवायू घटतो. अशा पाण्यात मागूर, शिंगी, कोई व मरळ हे मासे तग धरतात, कारण कल्ल्यांखेरीज असलेल्या पूरक श्वसनेंद्रियांच्या साहाय्याने ते पृष्ठभागावर येऊन हवेतील प्राणवायू घेऊ शकतात.

मासेमारीच्या पद्धतींत ‘कटल’ विशेष उल्लेखनीय आहे. झाडांच्या फांद्या पाण्यात रचून त्यांवर जलपर्णी अडकवून ठेवतात; काही महिन्यांत मासे तेथे आसऱ्याला जमतात. मग भोवती जाळे लावून फांद्या व जलपर्णी बाहेर काढतात आणि घेर आवळत आणतात. पद्धत कौशल्याची खरी, पण जाळे बारीक आसाचे (छिद्रांचे) असले तर पिल्ले व प्रजननक्षम मासेही सुटत नाहीत. उथळ पाण्यात बांबूची ‘जकाई’ व ‘पोलो’ ही हातसाधने वापरतात.

ऱ्हासाच्या कारणांत अतिमासेमारीचा उल्लेख नेहमी प्रथम होतो. मात्र नदीशी तुटलेला संबंध हे त्याहून मूलभूत कारण मानावे लागते. पूरनियंत्रणासाठी बांधलेल्या तटबंधांमुळे शेती व वस्तीला संरक्षण मिळाले, तरी अनेक बीलांचे जोडनाले बंद झाले किंवा गाळाने भरले, आणि पिल्लांची नैसर्गिक आवक थांबली. अशा बंदिस्त बीलांत बाहेरून मत्स्यबीज सोडतात. मरळीसारख्या भक्षक माशांच्या तोंडी पडू नयेत म्हणून बोटुकली (बोटाएवढी पिल्ले) पुरेशी मोठी झाल्यावरच सोडणे श्रेयस्कर ठरते, व त्यासाठी बीलातच बांबू आणि जाळीचे कुंपण घालून ती वाढवतात. या उपायाने रोहू, कटला यांसारख्या कार्प माशांचे उत्पादन वाढते; पुराबरोबर येणाऱ्या इतर लहान जातींची उणीव मात्र त्यातून भरून निघत नाही, त्यासाठी जोडनाला मोकळा करावा लागतो.