पाच हजार वॅटचा बार
होम थिएटर घेताना ‘वॅट जितके जास्त, तितका आवाज दणदणीत’ हा समज कॅसेटच्या जमान्यापासून चालत आलाय. खोक्यावर ‘५००० वॅट पीएमपीओ’ छापायला कुणाच्या बापाचं काय जातं? पीएमपीओ म्हणजे म्हणे क्षणभर निघू शकणारी कमाल ताकद, पण ती मोजायची ठरलेली पद्धतच नाही. सेट उलटा करून मागची पट्टी वाचा. तिथे विजेचा वापर ६० वॅट लिहिला असेल, तर स्पीकरमधून सतत ५००० वॅट येणार कुठून? बघायचा तो आरएमएस आकडा, म्हणजे सतत मिळणारी ताकद, आणि तोही किती चॅनल (एकेका स्पीकरची वेगळी लाइन) एकदम चालवून मोजलाय ते.

बरं, खरे वॅट दुप्पट केले तरी आवाज वाढतो जेमतेम ३ डेसिबल. कानाला दुप्पट वाटायला साधारण १० डेसिबल, म्हणजे दहापट वॅट लागतात. म्हणून स्पीकरची सेन्सिटिव्हिटी, म्हणजे तेवढ्याच वॅटमध्ये तो किती मोठा आवाज देतो, ते आधी विचारा (दुकानदार आपणहून सांगायचा नाही). १ वॅटला १ मीटरवर ९० डेसिबल देणारा स्पीकर जे २५ वॅटमध्ये करतो, त्यासाठी ८४ डेसिबलवाल्याला १०० वॅट लागतात. दहा बाय बाराच्या खोलीत पहिल्याला साधा ॲम्प्लिफायर पुरून उरतो. वाचलेले पैसे चांगल्या सबवूफरवर (खर्जाच्या आवाजाचा स्पीकर) घाला.