हिरवी पट्टी एवढी ठसठशीत कशी?

वाशीला ताईकडे माळ्यावरचा 21 इंची जुना टीव्ही खाली काढला. भाच्याला जुना व्हिडिओ गेम खेळायचा होता. गेमची वायर अँटेनाच्या भोकात खुपसली. चित्र आलं, पण मुंग्यांसकट. शार्पनेस पूर्ण वाढवला, तर मुंग्याच जास्त ठळक झाल्या. तेवढ्यात भाच्याने आवाज वाढवला आणि खाली हिरवी पट्टी उमटली, अगदी रेखीव.

"मामा, ही पट्टी बरी नीट दिसते!"

पिक्चर ट्यूब तीच, काच तीच. फरक वाटेचा. ती पट्टी टीव्हीतच तयार होते आणि लाल-हिरवा-निळा अशी सुटी थेट शेवटच्या टप्प्याला जाते. गेमचं चित्र मात्र आधी एका चॅनलच्या लहरीवर चढवलं जातं, मग टीव्हीचा ट्यूनर ते पुन्हा उतरवतो. या चढउतारात मुंग्या शिरतात.

म्हणून अँटेना सोडून गेमची पिवळी पिन टीव्हीच्या एव्ही भोकात, म्हणजे चित्र थेट आत घेणाऱ्या भोकात लावली. ट्यूनर वगळला गेला, मुंग्या गेल्या. पण गेममधल्या गड्याच्या लाल टोपीच्या कडेवर बारीक ठिपके सरपटत राहिले.

हा दोष पिनेचा नाही, पद्धतीचा आहे. आपल्याकडच्या जुन्या टीव्हींच्या पाल (PAL) या चित्रपद्धतीत 625 रेषा, सेकंदाला 25 चित्रं. पिवळ्या वायरीत उजेड आणि रंग एकत्र येतात, रंग 4.43 मेगाहर्ट्झच्या लहरीवर बसलेला असतो. उजेडातले बारीक तपशीलही नेमके तिथपर्यंत पोचतात. कुठलं काय, हे टीव्हीने ओळखायचं, आणि तो चुकतो. रंग उजेडात घुसला की ठिपके सरपटतात. उजेड रंगात घुसला की बातम्या देणाऱ्याच्या बारीक रेघांच्या शर्टावर इंद्रधनुष्य नाचतं. साधे सेट मग त्या पट्ट्यातला उजेड सरळ गाळून टाकतात. ठिपके कमी होतात, पण चित्र मऊ पडतं.

चार पिनांच्या गोल एस-व्हिडिओ जोडणीत उजेड आणि रंग वेगळ्या तारांनी येतात, त्यामुळे ही खिचडी होतच नाही. हिरवी-निळी-लाल अशी तीन भोकं असलेली कंपोनंट जोडणी त्याहून सरस. त्यातल्या हिरव्यातून मात्र हिरवा नव्हे, उजेड जातो! सोन्याचा मुलामा दिलेल्या महागड्या पिवळ्या वायरीने यातलं काहीच साधत नाही.

काही हौशी मंडळी टीव्ही उघडून त्या हिरव्या पट्टीच्याच वाटेवर गेमची वायर डकवतात. चित्र झकास येतं. पण रंगीत ट्यूबला वीस हजारांहून जास्त व्होल्ट लागतात आणि प्लग काढल्यावरही त्यात विजेचा भार उरतो, हात लागला तर जबर झटका. शिवाय एव्हीची भोकंच नसलेल्या जुन्या सेटची चासी, म्हणजे आतला धातूचा सांगाडा, थेट घरच्या विजेशी जोडलेली असू शकते.

ताईच्या सेटला पिवळ्याहून सरस भोक नाही. मागचं झाकण मी उघडलं नाही.